माफीचं घर

बाबा, एक तक्रार आहे. आपल्या घराच्या कडीत कुलूप बसत नाही. पितळी आणलं, लोखंडी आणलं, शेवटी सायकलचंही लावून पाहिलं. कडीचं भोकच रंगाच्या थरांनी बुजलंय. फौजेनंतरचं सारं आयुष्य ज्यानं कापसाच्या जिनिंगच्या फाटकाचं कुलूप ओढून पाहण्यात घालवलं, त्या चौकीदाराच्याच घराला कुलूप लागू नये, याहून मोठी नामुष्की कोणती? दाद कुणाकडे मागावी कळेना, म्हणून तुम्हाला लिहितोय.

कडी बुजली त्याला कारण सरकार. तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी त्याला तुमची आठवण झाली. माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला राहत्या एका घराची घरपट्टी माफ, असं निघालं. तुम्हाला आवडलं नसतं. पट्टीचा कागद आला की तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून, मला घेऊन नगरपालिकेच्या खिडकीवर जायचे. एकदा रांगेत मी म्हटलं, नाली तर साफ करत नाहीत, पैसे कायले द्यायचे? तुम्ही तिथंच कान पिळला. "नाली घान हाय म्हून तूबी घान होशीन का? देणं जेवाच्या आंधी द्याचं." आणि खरंच, पावती खिशात आल्याशिवाय आपल्याकडे ताट वाढलं जात नसे.

मी मात्र आईचा अर्ज भरला. सैनिक कार्यालयाचा दाखला, घर तिच्या नावावर असल्याचा उतारा आणि वर एक हमी: मी पुनर्विवाह केलेला नाही. दात गेलेली, गुडघे धरून चालणारी आई सही करून खिडकीतल्या बाबूला म्हणाली, "साहेब, लय इचारून पाह्यलं, कोनी तयारच नाई झालं." बाबू पोट धरून हसला. माफी मंजूर झाली. निघताना तो तेवढं बोलला, "आजी, घरात सोता राहा लागते बरं. भाड्यानं देलं का माफी रद्द."

त्यातलं भाडं आई विसरली, राहणं तेवढं धरून बसली. घराला कुलूप दिसलं की माफी गेली, हा तिचा कायदा झाला. भाचीच्या लग्नाला ती गेली नाही, कळंबच्या चिंतामणीला गेली नाही, माझ्याकडे यवतमाळला एक रात्र राहिली नाही. दरवर्षी दार रंगवायची तेवढी, म्हणजे वसुलीवाल्याला लांबूनच कळावं की इथं माणूस राहतं. मी नियम वाचून दाखवला. "राहू दे तुया शायनपना," ती म्हणाली. "त्याइनं बरफात पायाची बोटं गमावली. सरकारनं देऊन देऊन हेच देलं. ते मी कुलूप लावून घालवू?" मी म्हणालो, अगं, एवढ्या पैशात माझं महिन्याचं पेट्रोलही येत नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तुमच्या बोटांचा भाव केला.

मागच्या दिवाळीनंतर तिच्या पायांना सूज आली. इथले डॉक्टर म्हणाले, किडनी आहे, यवतमाळला हलवा. आठवडा गेला दाराच्या वादात. इलाज माणसाचा करायचा सोडून आम्ही दाराचा करत बसलो. अखेर समोरची चाची, गॅरेजवाल्याची म्हातारी, स्वतःची खाट ओढत आपल्या ओसरीत आली. "भाभी, तुम जाव. मै बैठी यहाँ. कौन बोलता घर बंद है, देखती मै." तेव्हा कुठं आई गाडीत बसली. दारव्हा गाव मागे पडल्यावर तिनं विचारलं, "दार उघडं हाय ना रे?"

"उघडंच हाय," मी म्हणालो.

यवतमाळ यायच्या आत ती गेली. तिथले डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. त्यांना हे वाक्य रोज म्हणावं लागत असेल. सवयीनं आवाज अगदी मऊ झाला होता.

माफी तिच्याबरोबर संपली. पोराला ती नाही, आणि बरोबरच आहे, पोरानं कुठं काय गमावलं? मार्चमध्ये वसुलीवाला थकबाकीदारांच्या दारांवर नोटिसा चिकटवत गल्लीत आला, तेव्हा मी यवतमाळला होतो. चाचीनं आपल्या गाठीचे पैसे भरून त्याला परतवून लावलं. आज सकाळी मी आलो तर पावती माझ्या हातात ठेवून म्हणाली, "भाभीके दरवाजेपे चिट्ठी नै चिपकने दी मैने."

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून खरं सांगतो. कडीतला रंग खिळ्यानं खरवडला असता तर कुलूप बसलं असतं. खिळा माझ्या हातात होता. तो खिशात टाकला, दार उघडंच ठेवलं आणि रस्ता ओलांडून चाचीकडे गेलो. तिनं पैसे मोजून घेतले, पदराला गाठ मारली.

"खाना खाया क्या रे?"

"नाही," मी म्हणालो. "आता खातो."