देठावरचा डोळा

४ फेब्रुवारी

ती. मामांस,
बटणचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तुमच्या चिठ्ठीला इथे भारी वजन आहे. मालक तुमचे जुने विद्यार्थी, पण अजून तुमचं नाव निघालं की खुर्चीत सरळ बसतात. खोली मिळाली आहे ती पंपाच्या भिंतीला लागून. भिंत सतत थरथरते, त्यामुळे चहाचा कप आपणहून टेबलाच्या कडेकडे सरकतो. आईला हे लिहू नका, ती लगेच परत ये म्हणेल.

आता कामाचं. कोळंबीच्या माद्यांकडून अंडी घेऊन पिल्लं वाढवायची, हे मला ठाऊक होतं. पण बंद हौदात मादी सहजी अंडी देत नाही म्हणून तिचा एक डोळा काढतात, हे तुम्ही बोलला नव्हतात. हौदावरच्या बाई मादीला पाण्याखाली धरतात आणि तापवलेल्या चिमट्याने डोळ्याचा देठ चिमटतात. हिरव्या मिरचीचा देठ खुडावा तितकं सहज. काही दिवसांत मादी अंड्यावर येते. मलाही शिकायला सांगितलं आहे. डोळ्याचा आणि अंड्यांचा काय संबंध, असं मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, तुझ्या मामांनाच विचार, आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलं.

तब्येतीला जपा. लोभाची काळजी मी करत नाही, तो आहेच.

तुमची,
बटण


१२ फेब्रुवारी

चि. बटण हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसू आलं. लहानपणी मुंगी चिरडली तर तू जेवायची नाहीस. हौदात अश्रू गाळू नकोस, खारटपणाचं प्रमाण बिघडेल.

संबंध असा, की कोळंबीचा डोळा नुसता डोळा नाही. माशीच्या डोळ्यासारखाच तो हजारो बारीक डोळ्यांचा जुडगा आहे, पण माशीची घरं षटकोनी आणि हिची चौकोनी. प्रत्येक चौकोनाच्या भिंती आरशासारख्या. अनेक घरांत शिरलेला उजेड त्या भिंतींवरून वळून आत एकाच जागी पडतो, म्हणून अंधूक पाण्यातही तिला दिसतं. पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांत अशा सांधेदार पायांच्या प्राण्यांचे जुडग्यांचे डोळे मी स्वतः पाहिले आहेत. काहींची भिंगं तर चक्क खनिजाची होती. मेल्यावर दगड झालेली नव्हेत, जिवंतपणीच दगडाची.

आणि या डोळ्याच्या देठात एक ग्रंथी असते. तिचा रस अंडाशयाला थोपवून धरतो. देठ गेला की लगाम सुटला. आणखी एक गंमत सांगतो. देठ मुळापासून काढला तर पुढे कधी कधी तिथे डोळा उगवत नाही, मिशी उगवते. निसर्गाला विनोद कळतो. तुलाही कळेल, एकदा हात बसू दे.

आईला माझा निरोप सांग. तिच्या पत्रांत हल्ली फक्त गुडघे असतात.

तुझा,
मामा


२० एप्रिल

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

हात बसला नाही, पण काम येऊ लागलं. बाई म्हणतात मी फार हळू दाबते, त्याने माद्यांना जास्त दुखतं.

एक गोष्ट तुम्हाला सर्वांत आधी सांगते आहे. डोळा काढलेल्या माद्या दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा अंडी देतात तेव्हा पिल्लं मरतुकडी निघतात. मी मालकांकडे एक हौद मागितला. डोळे शाबूत ठेवायचे, उजेड मंद, गर्दी कमी, खाणं चांगलं, आणि वाट पाहायची. मालक हसले, पण तुमची भाची म्हणून दिला. बाईंनी तर त्याला माझं माहेर असं नाव ठेवलं. मामा, त्या माद्यांनी अंडी दिली. उशिरा दिली, थोडी कमी दिली, पण पिल्लं अशी चपळ, की बाई हौदाच्या कडेला बसून बघतच राहिल्या.

हे लिहून काढावं असं मनात आहे. तुम्ही नजरेखालून घालाल ना? वर तुमचं नाव राहील, खाली माझं. मालकांना तुम्ही एक शब्द टाकलात तर आणखी दोन हौद मिळतील.

तुमच्या कौतुकाला आसुसलेली,
बटण


२७ एप्रिल

चि. बटण हिस,
अनेक आशीर्वाद.

वाचून ऊर भरून आला. घाई करू नकोस, कुणाशी बोलू नकोस. मालकांना आजच पत्र घालतो.

तुझा,
मामा


९ मे

ती. मामांस,
न. वि. वि.

काल सकाळी मालक माझ्या हौदापाशी आले. हसतमुख होते. म्हणाले, मामांचं पत्र आलं आहे, या हौदातल्या सगळ्या माद्यांचे डोळे आजच काढायचे. बाई चिमटा तापवायला गेल्या तर त्यांना थांबवलं. हे काम पोरीनेच करायचं, असं मामांनी स्पष्ट लिहिलं आहे म्हणाले. मी नाही म्हटलं. तेव्हा ते मवाळ आवाजात म्हणाले, की मग आजच बोचकं बांध, आणि या किनाऱ्यावर दुसरीकडे कुठे विचारायलाही जाऊ नकोस, सगळे मामांचेच विद्यार्थी आहेत.

मी केलं. काही माद्या अंड्यावर आलेल्याच होत्या, पाठीतून हिरवट रेघ दिसत होती. त्यांचेही काढले. बाई पाठ करून उभ्या होत्या.

मामा, मालक खोटं बोलत असतील. तुम्ही तसं लिहा, मी विश्वास ठेवीन.

बटण


१६ मे

चि. बटण हिस,
आशीर्वाद.

मालक खरं बोलले. मीच लिहिलं.

तुझी निरीक्षणं चोख आहेत आणि म्हणूनच लिहिलं. पंचवीस वर्षं मी लोकांना हेच शिकवत आलो, त्यावर माणसं उभी राहिली. आता माझ्याच भाचीने येऊन सांगायचं, की याची गरजच नव्हती? लोक म्हणतील, म्हाताऱ्याने उगाच लाखो डोळे काढवले. ते मला या वयात ऐकायचं नाही. कामात मऊ हात चालत नाही. तुझ्या आईचा हातही मऊ होता. तिला मी वेळेवर कॉलेजातून काढलं, लग्न लावलं, तिचं बरंच झालं.

रागाने जेवण सोडू नकोस. राग माझ्यावर, पोटावर नव्हे.

तुझं हितच पाहणारा,
मामा


३ डिसेंबर

चि. बटण हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. मालकांकडून कळलं, की तू आता सगळ्या हौदांवर मुख्य झाली आहेस आणि तुझ्या हाताइतका जलद हात तिथे कुणाचा नाही. बरं वाटलं.

अक्षर वेडंवाकडं आहे ते सांभाळून घे. काचबिंदूने उजवा डोळा गेला. डावीकडे नळीतून बघावं तसं दिसतं, तेही राहणार नाही असं डॉक्टर म्हणतात. शेजारचे लोक डबा ठेवून जातात, पण दारापर्यंत जाताना मी दोनदा पडलो. तुझी आई येऊन राहील का? तिला दोन पत्रं घातली, उत्तर नाही. ती रुसणारी नव्हे, म्हणून काळजी वाटते. तिला विचार. नाहीतर तू ये.

वाट पाहणारा,
मामा


१४ डिसेंबर

ती. मामांस,
बटणचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर लागलं, काळजी नसावी.

आई ऑगस्टपासून माझ्याकडेच राहते. तिकडच्या पत्त्यावरची पत्रं इथे वळून येतात आणि कचेरीत माझ्या हातात पडतात. तुमची दोन्ही पोचली. हे तिसरं.

मला यायला जमणार नाही. नवे हौद बांधून झाले आहेत आणि माणसं तयार करायची आहेत. डॉक्टर सांगतील ते औषध वेळेवर घाला. भिंतीला धरून चाला. कुणी पत्र वाचून दाखवायला असेल तर हे दोनदा वाचून घ्या, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

आई तुम्हाला लिहिते ती पत्रंही टाकायला माझ्याच हातात देते. रोज जेवताना विचारते, दादाचं काही आलं का. तिने तुमच्यासाठी लोकरीचा स्वेटर विणायला घेतला आहे, गळा तेवढा राहिला आहे. तुमचं कळलं तर गुडघ्यांसकट उठेल आणि पुढची गाडी धरेल. मी तिला सांगते, दादा मजेत आहे.

तुमची,
बटण