बहात्तर किलो गुळाबाबत

बारामती,
मंगळवार

तीर्थरूप कौसल्याआत्यांच्या चरणी वैदेहीचा साष्टांग नमस्कार. (शस्त्रक्रियेच्या आधी हा नमस्कार मला फक्त लिहिता यायचा, आता घालताही येतो. डॉक्टरांचं एवढं यश तरी मान्य करायला हवं.)

वरकुट्यात सगळे खुशाल असतील. मामांचा गुडघा कसा आहे? रेश्मावहिनीच्या बाळाला दात आले का? नवी म्हैस पान्हा चोरते असं तुमचा ऋषिराज म्हणत होता, ती सुधारली का? इकडे आई-बाबा बरे आहेत. मी फोन करायचा सोडून पत्र का लिहिते आहे, याचं तुम्हाला आश्चर्य वाटेल. आत्या, तुमचा फोन स्पीकरवर लावून गव्हाणीवर ठेवलेला असतो आणि तुम्ही धार काढत असता. मागच्या आठवड्यात मी माझ्या वजनाबद्दल जेमतेम एक वाक्य सुरू केलं, तोच पलीकडून शेजारच्या तानूबाईंचा आवाज आला, "वैदेही व्हय? आता केवढी ऱ्हायलीय गं?" मी लगेच हवापाण्याकडे वळले. म्हणून हे पत्र ऋषिराजच्या हाती पाठवते आहे. तो ट्रॅक्टरचा सुटा भाग न्यायला आला आहे आणि आईने त्याला जेवायला बसवलं आहे. पाकीट डिंकाने चिकटवून वर टेपही लावणार आहे, कारण तो वाचतो.

मला शाळेत घालण्याआधी बाबांनी वर्षभर घरीच शिकवलं, हे तुम्हाला माहीत आहे. त्यात पत्रही होतं. आधी नमस्कार, मग खुशाली, मग हकिगत, आणि मागायचं असेल ते शेवटी, हळूच. वजन करायला मात्र तुम्ही शिकवलंत. उन्हाळ्याच्या सुट्टीत भुईमुगाच्या शेंगा तोलताना म्हणायचात, "काटा हालायचा थांबल्याबिगर वाचू नगं." माती तपासणीच्या प्रयोगशाळेत मी आजही तसंच करते. स्वतःचं वजन करताना तर फार वेळ थांबते. (आमच्या घरचा काटा आकड्यांचा आहे. तो लगेच स्थिर होतो. पण मी थांबते.)

आता हकिगत. तीन वर्षांपूर्वी पुण्याला माझं पोट शिवून लहान केलं, तेव्हा तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून भैरोबाला नवस बोललात की पोरगी टेबलावरून सुखरूप खाली उतरू दे, तिच्या वजनाचा गूळ वाटीन. मी उतरले. त्या वेळी मी एकशे बारा किलो होते. घरी आल्यावर बाबा म्हणाले की नवस फेडून टाकू. त्यावर तुम्ही जे म्हणालात ते आमच्या घरात अजून सांगतात: "आत्ता नगं. डाक्टर म्हंत्यात पोरगी उतरनार हाय. उतरंल तेवढा गूळ वाचंल." त्यानंतर तुमचा दर महिन्याला फोन. मी आकडा सांगायची आणि तुम्ही म्हणायचात, "थांबू अजून." नव्वदला थांबलो, ऐंशीला थांबलो. मामा बिचारे सांगत होते की तोडलेला ऊस आणि बोललेला नवस फडात ठेवू नये, वेळेत काट्यावर न्यावा. त्यांचं कुणी ऐकलं नाही. गेल्याच्या मागच्या दिवाळीला मी बहात्तरवर आले. तुम्ही तेव्हाही थांबलात, सत्तर झाले की करू, आकडा बरा वाटतो म्हणून. मामांच्या बोलण्यात फक्त एक फरक करायला हवा. ऊस थांबला की घटतो, मी थांबले की वाढते.

हे कसं झालं ते सविस्तर लिहिते, म्हणजे तुमचा गैरसमज व्हायला नको. माझ्या पोटाची पिशवी आता एका केळ्याएवढी आहे. अर्ध्या भाकरीला ती भरते आणि उरलेली अर्धी छातीत अडवून धरते. पण गोडाला ती अडवत नाही. भाकरीला जागा नाही म्हणणारं पोट बासुंदीला सरकून बसायला जागा करून देतं. हे मला वहिनीच्या डोहाळजेवणात कळलं. मी पंगतीला बसलेच नव्हते, सगळ्यांची मनं राखायला फक्त एक पेला आमरस उभ्याने प्यायले. थोड्याच वेळात मला दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली, आणि ओटी वहिनीची भरायची सोडून सगळ्या बायका माझ्याभोवती जमल्या. (डॉक्टरांनी नंतर सांगितलं की साखर लहान पोटातून घाईने आतड्यात उतरली की असं होतं.) तुम्ही काळजीपोटी ओरडलात की पोरीला अशक्तपणा आलाय, साखरपाणी द्या. मी मानेने नाही म्हणत होते, पण तानूबाईंनी माझं डोकं धरलं होतं. तो दुसरा पेला. त्या दिवशी मी तुमच्या माजघरात जे झोपले, ते वहिनीचे झोपाळ्यावरचे फोटोही माझ्याशिवाय निघाले. तुम्हाला बोल लावत नाही. घाम आलेल्या माणसाला साखरपाणी देऊ नये, हे कुणाच्या मनात येणार.

यातून माणसाने गोड सोडावं. मी वेगळा धडा घेतला, की पेल्याने घ्यायचं नाही, चमच्याने घ्यायचं. चमच्याने घाम येत नाही. आमच्या प्रयोगशाळेत माती घेऊन येणारे शेतकरी रिकाम्या हाताने येत नाहीत. डाळिंबाला भाव आला की पेढे, नात झाली की बर्फी. गेल्या हिवाळ्यात शेळगावचे सोपानराव त्यांच्या गुऱ्हाळावरची काकवी बरणीभर घेऊन आले. घरी नेली तर आई बघेल, म्हणून मी ती नमुन्यांच्या फळीवर मागे ठेवली आणि वर 'सोपानराव, शेळगाव' अशी चिठ्ठी लावली. बरणीवर खोटं काही लिहायचं नव्हतं, आणि ती शेळगावच्या सोपानरावांचीच होती. दुपारी चार वाजता मन अस्वस्थ झालं की मी एक चमचा घ्यायची. घरून ओरडा बसला की दोन. मग मी रजेवर असताना केयूरने, म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलाने, फळी आवरायला काढली. शेतकरी हल्ली शेणस्लरीही तपासायला आणतात. त्याला ती बरणी स्लरीची वाटली. (रंग आणि घट्टपणा बघता त्याची चूक म्हणता येणार नाही. वास त्याने घेतला नाही, कारण स्लरीचा वास कुणी मुद्दाम घेत नाही.) त्याने तिची रीतसर तपासणी केली आणि सोपानरावांना अहवाल पाठवून दिला. त्यात लिहिलं होतं की सेंद्रिय कर्ब भरपूर आहे, क्षार मध्यम आहेत, वापरण्यापूर्वी दहापट पाणी घालून पातळ करावे व मुळाशी द्यावे.

सोपानराव चार दिवसांनी अहवालाची घडी घेऊन आले. रागावलेले नव्हते, काळजीत होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, आमच्या घरात समदी ही भाकरीसंगं खात्यात. बंद करू का पातळ करू?"

मी उभी राहिले आणि खरं ते सांगितलं. केयूर हसला नाही. त्याने फक्त विचारलं की बरणी तपासायला घेतली तेव्हा अर्धी होती, उरलेली अर्धी कुठे गेली. मी म्हणाले, खाल्ली. मग मात्र सोपानरावांसकट सगळे हसले. त्या संध्याकाळी मी काट्यावर उभी राहिले, काटा हलायचा थांबेपर्यंत थांबले, आणि पंच्याऐंशी वाचले.

तुम्ही म्हणाल की पोरगी इतके महिने खोटं बोलत होती. नाही. तुम्ही दर वेळी विचारायचात, "किती उतरलं?" मी म्हणायची, "काही नाही उतरलं." ते खरंच होतं.

मग मी पुण्याला आहार सांगणाऱ्या सई मॅडमकडे गेले. मला वाटलं होतं की त्या रागावतील. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "काय खाता ते नंतर सांगा. दिवसभरात काय पिता, चाटता आणि चाखता, ते आधी सांगा." मी सांगायला लागले तर चहाच थंड झाला. (त्यातही साखर होती. तीही सांगितली.) त्या म्हणाल्या की थोडं वजन परत येणं पुष्कळांचं होतं, त्यात लाजून घरी बसणं तेवढं वाईट. पोट लहान करता येतं, मनाची ओढ टाके घालून लहान करता येत नाही, ती रोज हाताळावी लागते. तेव्हापासून आधी अंडं किंवा मटकीची उसळ, मग भाकरी, जेवताना पाणी नाही, आणि चार वाजले की मी उठून दात घासते. दात घासल्यावर गोड नको वाटतं. बहुतेक वेळा. तरीही वाटलंच तर रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत चालून येते. प्रयोगशाळेत रोज चारला दात घासणारी बाई बघून केयूरने मला चांगल्या दंतवैद्याचा नंबर आणून दिला. दोन महिन्यांत दोन किलो कमी झाले आहेत. फार नाहीत, पण उतरणीला लागलेत.

आणि आता रविवारचं. तुम्ही परवा फोनवर आनंदाने सांगितलंत की यात्रेला माणसं जमतातच, त्या दिवशी भैरोबाच्या देवळापुढे तुझी गुळाची तुला करून टाकू, पणदऱ्याच्या गुऱ्हाळातून बहात्तर किलो गूळ आलासुद्धा. दहा किलोच्या सात ढेपा आणि वर एकेक किलोच्या दोन. भुसार दुकानातला मोठा तराजू लिंबाला टांगणार. त्या दिवसापासून मला दुसरं काही दिसत नाही. एका पारड्यात मी मांडी घालून बसले आहे, दुसऱ्यात सात ढेपा आणि दोन लहान चढल्या आहेत, आणि गूळ वर लिंबाच्या पाल्यात गेला आहे. मामा त्याच्याकडे मान वर करून बघत आहेत. गुरव सोनबा आणखी ढेप मागतोय आणि ढेप नाही. तानूबाई काय म्हणतील ते मी लिहीत नाही, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येईल.

मी यावर पुष्कळ विचार केला. आई म्हणाली की उपाशी जा. उपाशी राहून अकरा किलो उतरत नाहीत. माझ्या मनात एकदा असंही आलं की गुळाच्या ढेपांखाली प्रयोगशाळेतली वजनं ठेवावीत, पण देवापुढे आणि तेही प्रमाणित वजनांनी फसवायचं, हे मला जमणार नाही. बाबांना विचारलं तर ते म्हणाले की नवस बोलला त्या दिवशीचं वजन धरायला हवं, म्हणजे एकशे बारा. त्यांना मी परत विचारलं नाही.

तेव्हा सर्व बाजूंनी पाहता तुला दसऱ्यापर्यंत पुढे ढकलावी, असं माझं मत झालं आहे. दसऱ्यापर्यंत मी पुन्हा बहात्तरवर येईन. गूळ कोरड्या जागी ठेवला तर टिकतो. गावाला माझी तब्येत बरी नाही असं सांगू नका, कारण ती बरी आहे. परीक्षा आहे असं सांगा. एका अर्थी आहेच. मामांना व आजीला नमस्कार, बाळाला पापा.

आपली,
वैदेही

ता. क. — वरचं दसऱ्याचं रद्द समजा. पाकिटाला टेप मागायला बाबांकडे गेले, तर त्यांनी विचारलं की दसऱ्यापर्यंत नाही उतरलं तर देवाला काय कळवायचं? मग तुम्ही त्या बाकावर बसलेल्या आठवलात. शुद्धीवर आले तेव्हा तुमच्या मांडीवरचं भाकरीचं गाठोडं तसंच बांधलेलं होतं, सकाळपासून तुम्ही ते सोडलं नव्हतं. आत्या, तुम्ही देवाकडे बारीक पोरगी मागितली नव्हती. जिवंत मागितली होती. ती तर तीन वर्षं तुमच्यासमोर आहे. आता थांबायला नको. मी कमी होण्याची वाट बघत आपण सगळे फार दिवस थांबलो. या रविवारीच करा, जी आहे तिचीच करा, आणि माझी मागणी एवढीच की गूळ अकरा किलो जादा सांगा. तानूबाईंना पुढच्या ओळीत बसवा, म्हणजे त्यांना मान उंच करावी लागणार नाही.

ता. क. २ — तुलेनंतर मला प्रसादाचा खडा तुम्ही स्वतःच्या हाताने द्याल. तुमची मूठ मला माहीत आहे. गव्हाच्या दाण्याएवढा द्या. मी टूथब्रश घेऊन येणार आहे, कुणी विचारलं तर दाढ दुखते असं सांगू नका, गोड खाल्लं म्हणून घासते असंच सांगा.

ता. क. ३ — बारा सांगा. त्या दिवशी आईची काठापदराची साडी नेसणार आहे. साडी एक किलोची नसते, हे मला माहीत आहे.