पगारी नमस्कार

तीर्थस्वरूप शकूआत्यास,

जपानहून तुझी भाची नेत्रा हिचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होते, पण खोलीत तीन मुली, तीन खाटा आणि अकरा चेंडू आहेत. आठही अंगं एकदम टेकतील एवढी जमीन शिल्लक नाही.) तुझा गुडघा कसा आहे? बाजारात मासळीची पाटी लावायच्या जागेवरून हल्ली कोणाशी भांडण चालू आहे? फोन सोडून पत्र का, असं विचारशील. तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि अख्ख्या मिरकरवाड्याला माझी खुशाली कळते. मागच्या वेळी मी सर्दी झाली म्हटलं, तर चिमाकाकीने मधेच ओरडून काढा सांगितला आणि कुणा गिऱ्हाइकाने मलाच बांगड्याचा भाव विचारला.

बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. आठ महिने झाले. तुला सगळं ठाऊक आहे, पण ते लिहिल्याशिवाय हात पुढे जात नाही. "सर्कशीत नाचायला पोरगी धाडायची नाय मला," एवढंच ते म्हणाले होते. त्यावर मी म्हटलं, तुम्हाला काय कळणार, जयगडपलीकडचं जग बघितलंय का कधी? तीस वर्षं तांडेल म्हणून बोट हाकणाऱ्या माणसाला! (जीभ माझी तुझ्यावर गेली आहे, असं आई म्हणते. हे तुझं कौतुक समज.) बाबा तडक जेटीवर निघून गेले आणि मी त्यांच्या पाया न पडता गाडी पकडली.

आता इथलं सांगते. मी काम करते त्या करमणुकीच्या पार्कात सिमेंटचं एक मोठं गलबत आहे, त्याच्यावर आम्ही सहाजण समुद्री चाचे होऊन दिवसातून चारदा फुटबॉलच्या चेंडूचे खेळ करतो. मानेवर चेंडू ठेवून बसायचं, चेंडू हवेत असताना त्याच्याभोवती पाय फिरवून आणायचा, असलं सगळं. आल्या आल्या मी त्या गलबताच्या दोरांच्या गाठी सोडून नीट बांधल्या, कारण कोळ्याच्या पोरीला तसल्या गाठी बघवेनात. तर शोभेचं एक शीड जे खाली आलं ते आमच्या मॅनेजरच्या डोक्यावर. तेव्हापासून मला दोरांना हात लावायची बंदी आहे.

पण खरी फजिती पुढेच. खेळात एक प्रकार असा आहे की प्रेक्षकांतून कुणाला तरी बोलावून स्टुलावर बसवायचं आणि त्याच्या डोक्यावरून चेंडू आणि पाठोपाठ पाय, दोन्ही न्यायचे. एक दिवस ऐंशीच्या घरातले एक आजोबा आले, डोक्यावर पिवळी टोपी, मांडीवर खाऊचा डबा. चेंडू गेला, पण माझा बूट त्यांच्या खांद्याला लागला. आता वडीलधाऱ्या माणसाला पाय लागल्यावर आपण काय करतो? मी चेंडू टाकला, वाकले, त्यांच्या पायाला हात लावून कपाळाला लावला. आजोबा गडबडून उठले आणि कमरेत वाकून त्यांनी मला नमस्कार केला. मोठ्या माणसाने आपल्यापुढे वाकावं म्हणजे काय! मी पुन्हा वाकले. ते माझ्याहून खाली वाकले. असं सहा वेळा झालं. गाणं संपलं, बाकीचे पाच चाचे कंबरेवर हात ठेवून उभे, आणि लोक उठून टाळ्या वाजवताहेत.

मॅनेजर एवढा खूश झाला की म्हणाला, हे चारही खेळांत ठेव, आधी पाय लाव आणि मग नमस्कार कर. मी म्हटलं, मुद्दाम पाय लावणार नाही, पाप लागतं. दुभाषी बाईने या पापाचं काय भाषांतर केलं देव जाणे, पण मॅनेजरने मला दोन दिवस हलकी कामं दिली. शेवटी तडजोड झाली, पाय लावायचा नाही, नुसता नमस्कार. म्हणून आता मी रोज चार अनोळखी म्हाताऱ्यांच्या पाया पडते आणि त्याचा मला पगार मिळतो. कुणी पाठीवरून हात फिरवतं, कुणी गोळी देतं. आत्या, पहिल्यांदा हसू यायचं. हल्ली वाकले की घरून निघताना राहिलेला नमस्कार आठवतो आणि उठायला जरा वेळ लागतो. लोकांना वाटतं तोही खेळच.

बाकी सगळं उत्तम. आईला सांग मी जाडी झाले आहे. (झालेली नाही, पण तिला बरं वाटेल.) जिभेने तुझी आणि चेंडूने कोणाचीच नसलेली,
नेत्रा

ता. क. सुकटीवाचून जीव कासावीस झाला आहे, पण पोस्टाने पाठवू नकोस, वाटेत अडकेल. कुणी माणूसच घेऊन येणारा हवा.

ता. क. तो माणूस मी ठरवला आहे. एक जूनला मासेमारी बंद झाली की बाबांना दोन महिने बोट नाही, म्हणजे तीही सबब नाही. तिकीट माझ्याकडे लागलं. तू फक्त त्यांची दाढी करवून त्यांना पासपोर्टच्या फोटोला ने. नाही म्हणाले तर भांड. तुझ्यापुढे कुणाचं काय चाललंय?

ता. क. बाबा, आत्या हे मोठ्याने वाचत असेल आणि तुम्ही जाळं शिवत, न ऐकल्यासारखं करत बसला असाल. मी तेव्हा बोलले ते रागाने बोलले, खरं म्हणून नाही. तीस वर्षं तुम्ही समुद्रावर गेलात म्हणून मी इथवर आले. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची मी दहा जूनपासून रोज राखून ठेवणार आहे. मॅनेजरला विचारलेलं नाही. माझं चुकलं, बाबा. या ना.