दाजींची नळी

३ मार्च
कारखान्यातून आमच्या प्रयोगशाळेत पेटी आली. आत रक्ताची एकच नळी – दाजींची, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याची. शुक्रवारी काढलेलं रक्त आज सोमवारी पोचतंय! बेरिलियम धातू घासताना उडणाऱ्या धुळीने शरीर बिथरलंय का, हे जिवंत पेशींवरच कळतं. एका दिवसात नळी यायला हवी. तरी लावली तपासणीला.

११ मार्च
दाजींच्या पेशी बेरिलियमने हलल्या नाहीत. पण ज्या औषधाने कुणाच्याही पेशी वाढतात, त्यानेही ढिम्म. म्हणजे मेलेल्या. अशा वेळी लिहायचं, ‘निकाल नाही, पुन्हा रक्त घ्या’. नवीन लोकांना हे मीच शिकवतो.

लिहिलं ‘नॉर्मल’.

फेरतपासण्या वाढल्या म्हणून साहेब करवादतात. ताई फोनवर म्हणालेली, “यांना घासकामावरून काढलं तर खचतील रे.” दोन्ही कारणं लिहून पाहिली. दोन्ही फुसकी.

१२ मार्च
निकाल ऐकून ताई म्हणाली, “तुझ्या तोंडात साखर पडो.” मी नुसतं हं म्हणालो.

१९ मार्च
जेवण जात नाही. बायको विचारते, काय झालंय? काय सांगू, कपाळ!

२४ मार्च
दाजींना त्यांच्या स्वयंपाकघरात गाठून सांगितलं. तुमचा निकाल नॉर्मल नव्हता, निकालच नव्हता. लाज वाटते म्हणालो. ते बशी पुसत राहिले. मग म्हणाले, “अरे, मग भोंग्याचं काय?”

भोंगा म्हणजे त्यांच्या मशीनवरचा जोडीदार, मोठ्या आवाजाचा. हल्ली त्याला धाप लागते. रक्त द्यायला निघाला होता. दाजींनीच अडवलं – “एकाच मशीनची धूळ खातो आपण. मी नॉर्मल, तर तुला काय धाड भरलीये?”

२५ मार्च
साहेबांना सगळं लेखी दिलं. दोघांचं रक्त काढून घेतलं, नळ्या तासाभरात मीच आणल्या. तपासणीला मला हात लावू दिला नाही. बरोबरच आहे.

२ एप्रिल
दाजी नॉर्मल. या वेळी पेशी जिवंत होत्या. ताई म्हणते, “बघ, तू लिहिलेलं खरंच निघालं की.” तिला काय समजावणार. भोंग्याच्या पेशी मात्र बेरिलियमने वाढल्या, म्हणजे पॉझिटिव्ह. खात्रीसाठी त्याचं रक्त पुन्हा घेऊन दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवलं.

१० एप्रिल
तिथेही पॉझिटिव्ह. फुप्फुसाच्या फोटोतही आजार दिसतोय. माझ्या एका शब्दावर तेरा दिवस जास्त धूळ खाल्ली त्याने.

दाजी म्हणाले, “तू नको जाऊस. मी सांगतो त्याला. अडवलं मीच होतं.”

मी बरं म्हणालो.