उजवीकडची चावी

मंगळवार, दुपार

ती. आईस,

नमस्कार. साष्टांग घालायचा तर वाकावं लागतं आणि वाकलं की जबडा ठणकतो, तेव्हा या वेळी उभ्याउभ्याच स्वीकार.

इकडे सगळं ठीक. मावशीचे गुडघे कसे आहेत? आपण डॉक्टरांकडून परतलो आणि दुसऱ्याच सकाळी ते इतके दुखायला लागले की तुला पिशवी भरून धावावं लागलं, म्हणून काळजीनं विचारते. फोन केला नाही. माझं बोलणं सध्या कुणाला कळत नाही, आणि कळलं असतं तरी तू फोन मावशीच्या हातात दिला असतास.

लिहायचं कारण म्हणजे बारीक गाळणी सापडत नाही. बाबा माझं सूप चहाच्या गाळणीतून गाळतात. काल भोपळ्याच्या सुपाला चहाचा वास होता आणि "कसं झालंय?" असं विचारत ते समोरच उभे. मी अंगठा वर केला. दुसरं काय करणार?

तुझी गिऱ्हाइकंही येऊन जातात. कोटाच्या बाह्या आखूड करायला टाकून गेलेल्या शाळेतल्या बाई दोनदा आल्या. मी पाटीवर लिहून दाखवलं, "आई बहिणीकडे गेली आहे." "कधी येणार?" म्हणाल्या. मी पाटी पुसली आणि दार लावलं.

शुक्रवारी माझं पुन्हा ऑपरेशन आहे. तुला माहीत असेलच. बाबा संध्याकाळी गॅलरीत जाऊन हळू आवाजात फोनवर बोलतात ते काही हवामानाबद्दल नसावं.

मावशीला माझा एक निरोप दे. पोरीनं लग्नासाठी हनुवटी करून घेतली, असं ती सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटली आहे. परवा आत्यानं मला "झालीस का गं सुंदर?" असा मेसेज केला. तर मावशीला सांग की ही हौस नाही. माझा खालचा जबडा जन्मापासून आखूड आहे. आडवं झालं की जीभ मागे पडते आणि श्वास अडतो, म्हणून ही पंचविशीची घोडी अजून भिंतीला टेकून, बसून झोपते. त्यासाठी दोन्ही बाजूंचं हाड कापलं आणि प्रत्येक बाजूला एक स्क्रू बसवला. स्क्रूचं टोक कानाखाली कातडीतून बाहेर येतं. सकाळ-संध्याकाळ त्याला चावी लावायची आणि बाणाच्या दिशेनं थोडी फिरवायची. हाडाचे दोन तुकडे किंचित दूर जातात आणि मधल्या फटीत शरीर आपलं आपण नवं हाड भरत राहतं. हळूहळू ओढत राहिलं तर जबडा वाढतो. ओढणं थांबवलं तर हाड आहे तिथेच जुळून बसतं. एवढंच शास्त्र आहे, मावशीलाही कळेल.

तुला तर कधीच कळलं होतं. ऑपरेशनच्या आधी तूच मला समजावलं होतंस, "शिवण उसवायची, मध्ये कापड घालायचं, तसंच ते."

चावी तुझ्याकडे आली, कारण बाबांना नुसती सुई दिसली तरी बसायला खुर्ची लागते. पहिले काही दिवस तू दोन्हीकडे नीट फिरवलीस. डावीकडे सोसवायचं. उजवीकडे मात्र कान, दाढा, डोळा, सगळं एका दोरीला बांधून कुणीतरी खेचतंय असं व्हायचं. मी ओरडायचे. तू चावी काढून खिडकीपाशी जायचीस आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहायचीस.

मग एके दिवशी उजवी बाजू शांत झाली. चावीचा गार स्पर्श तेवढा व्हायचा. "बघ, सवय झाली," म्हणालीस. "उजवी बाजू शहाणी आहे." आणि मी खूश! आमच्या पार्सल ऑफिसातल्या मैत्रिणीलाही कळवलं, की माझी उजवी बाजू शहाणी निघाली. काही दिवसांनी हनुवटी उजवीकडे कलायला लागली. तुला आरशापाशी नेऊन दाखवली, तर तू म्हणालीस, "सूज आहे."

सूज! अगं, आंधळ्यालाही हात लावून कळलं असतं.

त्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो लावला. डावीकडे छान फट, उजवीकडे हाड घट्ट जुळलेलं. त्यांनी सिस्टरला उजवीकडे चावी लावून बघायला सांगितलं. चावी जेमतेम सरकली आणि ती दोरी, कान, दाढ, डोळा, सगळं एकदम परत आलं. मी खुर्चीचे हात धरले आणि तेव्हा कळलं, की इतके दिवस उजवीकडे कुणी चावी फिरवलेलीच नव्हती. नुसती टेकवली होती.

हे तुला आत्ता पहिल्यांदा कळतंय असं नाही. तुला तेव्हाच कळलं होतं की मला कळलंय. म्हणूनच मावशीचे गुडघे दुखले.

मी रडत होते, तुला बघवत नव्हतं, हे मला समजतं. पण आई, तुझ्या धंद्यात सगळं नंतर करता येतं. घट्ट झालं तर उसव, सैल झालं तर टीप मार, गिऱ्हाईक चार दिवसांनी येईल. तुला वाटलं, आज राहू दे, पोरीला जरा दम खाऊ दे, पुढच्या आठवड्यात भरून काढू. हाड थांबत नाही गं. ते रोज आपलं काम करत होतं. फक्त तू करत नव्हतीस.

आणि हे काही आजचं नाही. लोक मला नाव विचारायचे आणि उत्तर तू द्यायचीस. शाळेत बाईंना भेटून सांगून आलीस, हिला मोठ्यानं वाचायला लावू नका. पार्सल ऑफिसात काउंटरची जागा निघाली तेव्हा मी अर्ज करायच्या आत तू म्हणालीस, "जाऊ दे, तुला नाही झेपणार." मला काय झेपतं ते मला कधी बघूच दिलं नाहीस. माझ्या वाटचं दुखणंसुद्धा तूच चोरलंस.

पण खरं सांगू? चावीचा राग मी एखाद्या वेळेस गिळला असता. सध्या पातळ केलेलं सगळंच गिळते.

डॉक्टर काय म्हणाले ते आठवतं? "पेशंट कंटाळा करतात आणि मग आमच्या नावानं ओरडतात." मी पाटीवर लिहिलं, "रोज फिरवली. दोन्ही वेळा. आईला विचारा." मोठ्या अक्षरांत लिहिलं. त्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू पर्सची चेन उघडत होतीस, लावत होतीस. आणि तू म्हणालीस, "पोरगी आहे. विसरली असेल."

विसरली असेल!

माझ्या हातात ती पाटी तशीच होती, "आईला विचारा" लिहिलेली. सिस्टरनं मान खाली घातली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि मारणारी कोण, तर माझी आई.

घरी आल्यावर बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळा, थोडं सोसायला हवं होतंस." मी त्यांना काही सांगितलेलं नाही. तुझी बाजू सांभाळली असं समजू नकोस. ते तुझ्याच तोंडून निघायला हवं, म्हणून.

शुक्रवारी उजवीकडचं हाड पुन्हा कापतील आणि पुन्हा चावी सुरू होईल. मी ठरवलं होतं की या वेळी माझी मीच फिरवीन, कुणाचे उपकार नकोत. आरशासमोर बसून पाहिलं, तर आरशात बाण उलटा दिसतो आणि हात चुकतो. बाबांनी दाराच्या कडीच्या स्क्रूवर सराव केला. तिथे उत्तम जमतं. माझ्या कानाजवळ आले की डोळे मिटतात. सिस्टर म्हणाली, रोज दवाखान्यात ये, मी फिरवीन. सोय चांगली आहे. तिचा हातही स्थिर आहे.

पण मला ती नको आहे.

तू गुरुवारी ये. येताना जवळचा चष्मा आण, बाण दिसला नाही ही सबब चालणार नाही. शुक्रवारी आधी डॉक्टरांच्या खोलीत जायचं आणि पोरगी विसरली नव्हती, असं सांगायचं. सिस्टर असताना सांगायचं. मी पाटी घेऊन शेजारी उभी राहीन, पण एक अक्षर लिहिणार नाही.

आणि नंतर घरी चावी तूच धरायची. मी ओरडणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. शेजारचे येतील, बाबा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतील. मी बस म्हणेन, मरते म्हणेन, तुला नाही नाही ते बोलेन. तू खिडकीकडे जायचं नाही. माझ्याकडे बघायचं आणि फिरवायचं.

मला एकदा पाठीवर झोपून छत बघायचंय, आई.

अजून रागावलेली,
तुझी लेक

ता. क. गाळणी काल रात्रीच सापडली होती.