मीटरवाचकाचा मणका आणि जुन्या दुखण्याचा नियम

दिनांक : आवक शिक्का पडेल तो

प्रति,
मा. उपअभियंता,
पाणीपुरवठा विभाग

विषय : मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजा मिळणेबाबत (दुसऱ्यांदा).
संदर्भ : ‘दुखणे नोकरीपूर्वीचे असल्याने रजा नामंजूर’ हे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार आपल्या विभागात मीटरवाचक असून त्याचे फेंगडे पाय व बुटकेपण आपण भरतीच्या दिवशीच पाहिले होते, हे त्यास मान्य आहे. हा आजार त्यास आईकडून आला. त्याची मूत्रपिंडे शरीरातील फॉस्फेट धरून ठेवत नाहीत, त्यामुळे हाडे कच्ची राहतात. आपल्या खात्याच्या भाषेत ही जन्मापासूनची गळती होय.

१. आता मणके बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याच हाडासारख्या टणक झाल्या आहेत. मान खाली जात नाही आणि मीटर तर खड्ड्यात. सबब अर्जदाराने काठीला आरसा बांधून आकडे वाचण्याची युक्ती काढली. उलटे आकडे मनात सुलटे करण्यात त्याचा हातखंडा होता. चूक एकदाच झाली, ती नेमकी, साहेब, आपल्या सासूबाईंच्या घरी. एका महिन्यात अख्खा तलाव रिचवल्याचे बिल त्यांना गेले व आरसा जप्त झाला. त्याबद्दल तक्रार नाही.

२. तक्रार अशी की, मणक्यातील वाट अरुंद होऊन आतील मज्जारज्जू दबत आहे. पायांना मुंग्या येतात. परवा चप्पल निसटली ती कळलीच नाही. एका घरमालकीणबाईंनी ती हातात घेऊन अर्जदारास गल्लीच्या टोकाशी गाठले. उशीर झाल्यास पाय कायमचे जातील, असे डॉक्टर म्हणतात. आपण म्हणालात, “पाठ कुणाची दुखत नाही?” साहेब, आजार जुना आहे, मुंग्या नव्या आहेत. गळती जुनी म्हणून आपण फुटलेली वाहिनी कधी तशीच सोडली आहे काय?

३. अर्जदाराच्या मुलीसही हाच आजार आहे. ती बापाची चाल न्याहाळत असते. तिला त्यात स्वतःचे पुढचे दिवस दिसतात, याची अर्जदारास मणक्याहून जास्त भीती वाटते.

सोबत डॉक्टरांचे पत्र व मणक्याची फिल्म जोडली आहे. फिल्म उलटी धरली तरी वाट अरुंदच दिसते.

तरी रजा मंजूर व्हावी. मंजुरीचा आदेश नेण्यास अर्जदार स्वतःच्या पायांनी येऊ इच्छितो. आपणास विचार करण्यास वेळ लागणार असल्यास आदेश कृपया घरी पाठवावा.

आपला नम्र (मान वाकत नसली तरी),
मीटरवाचक