झाडामागे साठ

३ नोव्हेंबर
बाबा पास! छपन्नाव्या वर्षी, सातवी नापास माणूस — नारळावर चढण्याच्या परीक्षेत पास! परीक्षा घ्यायला आलेला पुण्याचा मुलगा खालून टॅब धरून वर बघत होता. मान आखडली म्हणाला. मी कौशल्य केंद्रात दोन वर्षं लोकांचे अर्ज भरतेय, पण आज पहिल्यांदा असा आनंद झाला.
प्रमाणपत्रावर ‘कुशल कामगार’ छापलंय. बाबा म्हणाले, "म्हंजे एवढी वरसं मी कोण होतो गो?"
परीक्षेचं त्यांनीच मला विचारलं होतं, हे नवलच. एरवी कागद म्हटला की पळतात.

९ नोव्हेंबर
रेवदंड्याजवळच्या रिसॉर्टवर काम लागलं. प्रमाणपत्राशिवाय तिथे घेतच नाहीत. ठेकेदार निकेश म्हणून आहे. साडेसहाशे रोज, विमा, आठवड्याला सुट्टी. आईने बोंबलाचं कालवण केलं.

१२ नोव्हेंबर
हिशेब जुळेना. वाड्यांमध्ये बाबा झाडामागे साठ घेतात. रोजची पंचवीस झाडं — हे तर मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. म्हणजे दीड हजार! आता साडेसहाशे. माणूस कुशल झाला आणि निम्म्याच्याही खाली आला?
एम.ए.ला ‘शिक्षण आणि मजुरी’ यावर वीस मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. सतरा पडले होते. त्या सरांना विचारावंसं वाटतंय.

१३ नोव्हेंबर
काही कळत नाही.

१७ नोव्हेंबर
आज रिसॉर्टवर जाऊन आले. बाबा झावळ्या गोळा करत होते. दिवसाला तीनच झाडं, बाकी वेळ कुंड्यांना पाणी! मला इतकी लाज वाटली. त्यांची नाही — माझीच. मीच अर्ज भरला होता.
ते मात्र खुशीत. शीळ घालत होते! "बरं चाललंय, बाय. मुकादम पण भला हाय."
आईला म्हटलं, मी बोलते ठेकेदाराशी. "तू त्यात पडू नको," म्हणाली. आई कायम घाबरते. आणि बाबा शीळ का घालतात? कमी पैशात माणूस जास्त खूश — हे कुठल्या पुस्तकात बसतं?

२१ नोव्हेंबर
केंद्रातल्या सरांना बाबांची यशोगाथा हवी. फॉर्ममध्ये दोन रकाने: आधीचं उत्पन्न, नंतरचं उत्पन्न. मी खरं लिहिलं. सर म्हणाले, "आधीचं कमी दाखव ना, त्यात काय एवढं!"
नाही दाखवलं. वाजलंच आमचं. दोन वर्षांत सरांसमोर पहिल्यांदा आवाज चढवला. मग दुपारभर वाटत राहिलं — फॉर्मवर भांडून काय उपयोग? भांडायला हवं ते दुसरीकडेच.

२५ नोव्हेंबर
भांडले! रिसॉर्टच्या फाटकात, सगळ्या माळ्यांसमोर. "कुशल माणसाला झावळ्या उचलायला ठेवता? झाडामागे द्या!" मला वाटलं होतं निकेश तोंडाला तोंड देईल. तो लगेच तयार! "मॅडम, साहेबांच्या आणखी दोन वाड्या आहेत. झाडं हवी तेवढी. झाडामागे साठ, खालचं काम बंद. उद्यापासून."
मी जिंकले. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. माझ्याही.

२६ नोव्हेंबर
बाबा जेवले नाहीत. आई माझ्याशी बोलत नाही. आता काय झालं?

२७ नोव्हेंबर
निकेशला फोन केला. दोन दिवसांत मिळून नऊ झाडं झालीत म्हणाला. नऊच? त्याने मुद्दाम कमी मोजली असणार. उद्या परत जाणार भांडायला.

२८ नोव्हेंबर
आईने घराच्या फाटकापर्यंतही जाऊ दिलं नाही. हात धरून ओट्यावर बसवलं.
"दोन वरसं झाली, शिवानी. वर गेले की डोळ्यांपुढं अंधारी येते त्यांना. पंचवीस कुठली! चार, लय तर पाच. घर तुझ्या पगारावर चाललंय. त्या रोजासाठीच परीक्षा दिली त्यांनी."
माझा पगार बँकेत साठतोय असं मी समजत होते.
धावत बाबांकडे गेले. ते दोर खांद्यावर टाकून निघाले होते. म्हटलं, तिथेच का नाही बोललात? निकेशसमोर का नाही म्हणालात, मला साडेसहाशेचा रोजच हवा?
"सगळ्यांम्होरं भांडलीस गो माझ्यासाठी," म्हणाले. "मग मी न्हाय कसं म्हणू?"